पाचव्या बदकाचा डावा पाय

सोमवारी सकाळी मालकांनी तपासनीसबाईंना केबिनमध्ये बोलावून "बसा" म्हटलं, तेव्हाच बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तीस वर्षांत मालक त्यांना कधी "बसा" म्हणाले नव्हते. "आता काय?", "पुन्हा?" आणि "बरं, बरं, करून घेतो" एवढ्या तीन वाक्यांवर दोघांचं छान चाललं होतं.

बाई बसल्या, पण खुर्चीच्या काठावर.

"येत्या शनिवारी आपल्या स्टुडिओला तीस वर्षं होतायत," मालक म्हणाले. "घरच्या घरी छोटासा कार्यक्रम करू. आपले आजवरचे चारही लोगो ओळीने दाखवायचे. जुन्या फिल्म्समधून तेवढे शोधून तुम्ही एकापुढे एक जोडून द्या. तुमच्याइतकं नीट दुसरं कोण करणार?"

"आणि पाचवा? नवा करताय असं कानावर आलंय."

"तो... होतोय."

"माझ्याकडे तपासायला आला नाही अजून."

मालकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून उजवीकडचा डावीकडे ठेवला. "येईल की. बिस्किट घ्या ना, बाई."

बाईंनी बिस्किट घेतलं नाही. ज्या माणसाने तीस वर्षांत कधी चहाही विचारला नाही, तो एकदम बिस्किटापर्यंत पोचला म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

संशय घेणं हा बाईंचा स्वभाव होता की धंदा, हे आता त्यांच्या नवऱ्यालाही सांगता आलं नसतं. कार्टून फिल्मच्या एका सेकंदात चोवीस चित्रं पळतात, आणि ती सगळी पळायच्या आधी बाईंच्या नजरेखालून जात. ससा दार उघडताना त्याच्या कोटाला चार बटणं आणि दार लावताना तीन, असं झालं की बाई त्या चित्रावर लाल पेन्सिलीने गोल काढत, चिठ्ठी टाचत आणि चित्र परत पाठवत. चित्र सुधारून आलं की पुन्हा बघत. तेव्हा बटणं चार असत, पण ससा एका कानाने आखूड झालेला असे. मग पुन्हा गोल, पुन्हा चिठ्ठी. पाठीमागे सगळे त्यांना 'लाल पेन्सिल' म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचं.

तर बाई कामाला लागल्या. मागच्या खोलीत पडदा ओढून त्यांनी पहिला लोगो लावला. फिल्म सुरू व्हायच्या आधी सहा सेकंद दिसणारा हा तुकडा त्यांनी इतक्या वेळा पाहिला होता की खरं सांगायचं तर वीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. पडद्याच्या डावीकडून पाच बदकं ओळीने येतात, मध्यावर पोचतात, वरून स्टुडिओचं नाव धपकन पडतं आणि बदकं दचकतात. बस्स, एवढंच.

पण ती पाच बदकं म्हणजे सुरुवातीचे पाच जण होते. पुढचं पोटवालं बदक म्हणजे मालक. दुसरं लांब मानेचं, ते लंबूकाका. ही सगळी चित्रं त्यांच्याच हातची. तिसऱ्याच्या पंखावर निळा ठिपका होता, त्या रंगवाल्या आक्का, ज्यांच्या कोपरावरचा निळा डाग कधी गेलाच नाही. चौथं किंचित तिरळं, तो कॅमेरावाला. आणि पाचवं बदक चालता चालता मागे वळून बघायचं. त्या स्वतः बाई. मागे काही चुकलं तर नाही ना, हे बघत बघत पुढे जाणाऱ्या.

बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी दुसरा लोगो लावला.

नाव सोनेरी झालं होतं. बदकं चार होती.

बाईंनी यंत्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा मोजली. चारच. तिरळं बदक गायब. तिसऱ्या लोगोत बदकं प्लास्टिकच्या खेळण्यांसारखी गुळगुळीत आणि चकचकीत झाली होती, आणि तीनच होती. निळ्या ठिपक्याचा पत्ता नव्हता. चौथ्या, म्हणजे सध्याच्या लोगोत चकाकी गेली होती, बदकं कागदातून कापल्यासारखी सपाट होती. लांब मानेचंही गेलं होतं. उरली होती दोन. पोटवालं पुढे, आणि मागे बघणारं मागे.

आता तुम्ही म्हणाल, तीस वर्षं फ्रेमन् फ्रेम तपासणाऱ्या बाईंना हे आधी कसं दिसलं नाही? अहो, फ्रेममध्ये जे आहे त्यात चूक शोधणं हे त्यांचं काम. जे नाहीच, त्याकडे बघायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी यंत्र बंद केलं. कारण त्यांना दुसरीही एक रांग आठवली. तिरळं बदक गेलं त्याच वर्षी कॅमेरावाल्याने नोकरी सोडली. ठिपक्याचं बदक गेलं आणि चार महिन्यांत रंगवाल्या आक्का घरी बसल्या. लांब मान गेली आणि लंबूकाका लेकीकडे राहायला गेले. आधी बदक जायचं, मग माणूस. पाच, चार, तीन, दोन. पुढचा आकडा काढायला काही गणिताचे मास्तर लागत नव्हते. आणि मालक काही स्वतःचं बदक काढणार नव्हते.

मालक आपल्याला नारळ देणार. तोही बिस्किटासकट.

पॅसेजच्या टोकाला एक खोली होती. तिच्या काचेला गेल्या पंधरवड्यापासून आतून खाकी कागद चिकटवलेला होता. मालकांची भाची तिथे दोन मदतनिसांना घेऊन नवा लोगो करत होती. मुलगी गोड होती, बाईंना मावशी म्हणायची, आणि म्हणूनच बाईंचा तिच्यावर जास्त संशय होता. त्या सरळ तिथे गेल्या आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

आत एकदम शांतता. मग धडाधड खण बंद झाल्याचे आवाज, कुणीतरी "आधी झाका ते" असं कुजबुजलं, आणि दार चार बोटं उघडलं.

"मावशी! तुम्ही?"

"लोगो बघायला आले."

"अय्यो, आत नका येऊ. खूप पसारा आहे. धूळ आहे. तुम्हाला धुळीचा त्रास होतो ना?"

"मला कसला आलाय त्रास?"

"होईल, मावशी, होईल," भाची कळवळून म्हणाली आणि दार लागलं.

बाई परत फिरल्या त्या थेट ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. तिथे भोंगा बसायचा. धपकन, सुंईकन, टण असे सगळे आवाज तो काढायचा, आणि त्याचं साधं बोलणंही तीन खोल्यांपलीकडे जायचं. गुपित सांगायला बाईंनी नेमका हाच माणूस निवडला यावरून त्यांची अवस्था काय असेल ते समजा.

"कुणाला बोलू नकोस," असं म्हणून बाईंनी सगळं सांगितलं.

"काय सांगता!" भोंगा शक्य तितक्या हळू किंचाळला. "एक बदक, एक माणूस?"

"हळू!"

"पण बाई, मी तर कुठल्याच लोगोत नाही. म्हणजे मी सुटलो?"

"किंवा तुझी गणतीच नाही," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत बातमी सगळ्या स्टुडिओत पोचली होती. चहावाले येऊन हळूच विचारून गेले, "बाई, आमच्यासाठी एखादं बदक होतं का हो कधी? मागे, लांबून दिसणारं?" दारावरचा रखवालदार दिवसभर गंभीर राहिला. जो लोगोत नव्हताच त्याला काढणार तरी कुठून, हा प्रश्न त्याला पडला होता, आणि संध्याकाळपर्यंत त्याची खात्री झाली की लोगोत नसणं हे जास्त धोक्याचं.

बाईंचा नवरा भूगोलाचा निवृत्त शिक्षक. संध्याकाळी त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, योगायोग असेल."

"तीनदा?"

"तीनदा म्हणजे काही फार नाही. आणि तुला कोण काढणार? तू गेलीस तर त्यांच्या सशांची बटणं कोण मोजणार?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. मी घरी बसले तर काय करणार दिवसभर?"

नवऱ्याचा चेहरा एकदम बदलला. बाई दिवसभर घरी, हा विचार त्याला आधी सुचला नव्हता. लग्न झाल्यापासून ज्याच्या सदऱ्याची बटणं, पत्रांवरचे पत्ते आणि नकाशांतल्या नद्या रोज संध्याकाळी तपासल्या गेल्या होत्या, त्याला दिवसपाळीचीही कल्पना सहन होईना.

"हे गंभीर आहे," तो म्हणाला. "आपण काहीतरी केलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाई आपल्या खोलीत आल्या तर एक सुतार त्यांच्या टेबलामागची भिंत मोजत होता.

"काय चाललंय?"

"भिंत मोजतोय."

"ते दिसतंय. कशाला?"

"मालक म्हणाले, मोजून ठेव. टेबल शुक्रवारी संध्याकाळी हलवायचंय."

"कुठे?"

"ते नाही सांगितलं. बाहेर," सुतार म्हणाला आणि दातांत पेन्सिल धरून गप्प झाला. ती पेन्सिलही लाल होती. बाईंना तो अपमान वाटला.

एवढं झाल्यावर माणूस पुरावे शोधायला लागतो. बाईंनी तर सगळा जन्म तेच केलं होतं. बुधवारी भाचीच्या खोलीतली कचऱ्याची टोपली बाहेर आली तेव्हा बाईंनी तिच्यातला वरचाच चुरगळलेला कागद उचलून पर्समध्ये टाकला आणि स्वच्छतागृहात जाऊन उलगडला. कागदावर एक बदक होतं. पोटवालं. एकटं. त्याच्या मागे मोकळा पांढरा कागद.

वास्तविक, रांगेतलं प्रत्येक पात्र वेगळ्या कागदावर काढतात आणि नंतर एकावर एक ठेवतात, हे त्या स्टुडिओत बाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हे त्याच शिकवत. पण माणूस घाबरला की तीस वर्षांची अक्कल सुट्टीवर जाते. बाईंनी तो कागद भोंग्याला दाखवला, आणि भोंग्याने, न दाखवता, बाकी सगळ्यांना ऐकवला.

"एकच बदक! मालक एकटेच! सगळा स्टुडिओ गुंडाळणार!"

गुरुवारपासून लोकांनी आपापलं सामान हळूहळू घरी न्यायला सुरुवात केली. आधी कप गेले. मग खिडकीतल्या कुंड्या गेल्या. संकलन करणारे गृहस्थ आपली उशी घेऊन गेले, तेव्हा ते कामावर उशी वापरतात हे सगळ्यांना प्रथमच कळलं. चहावाल्यांनी किटली सोडून सगळी भांडी नेली. भोंग्याने पावलांच्या आवाजासाठी जमवलेले अकरा जोडी बूट दोन खेपांत हलवले. एका खेपेला पॅसेजमध्ये मालक समोर आले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"कुठे नेतोस हे?"

"पॉलिशला," भोंगा म्हणाला.

मालकांनी मान डोलावून वाट दिली. पण त्या दिवसापासून तेही पॅसेजमधून भिंतीला धरून चालायला लागले. शुक्रवारी त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, एक विचारू? तुम्ही कुठे चालला नाहीत ना?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काढणारे हेच, आणि वर चौकशी!

"माणसं आपणहून जात नसतात, मालक," त्या म्हणाल्या. "त्यांना घालवतात."

मालक दोन पायऱ्या चढले, तीन उतरले आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले.

बाईंनी ठरवलं, कुणी काढायच्या आत आपणच राजीनामा द्यायचा. ताठ मानेने. त्यांनी पत्र लिहिलं, वाचलं, तर दुसऱ्या ओळीत 'मी' दोनदा आला होता. लाल पेन्सिलीने गोल काढून त्यांनी पत्र स्वतःलाच परत केलं. दुसऱ्या पत्रात तारीख चुकली. तिसऱ्यात समास डावीकडे कमी पडला. चौथं बरं उतरलं होतं, पण सही किंचित तिरकी झाली होती, आणि तिरकी सही असलेला राजीनामा स्वीकारणाऱ्याचं बाईंना हसू आलं असतं. शुक्रवारी कचेरी बंद होईपर्यंत सहा पत्रं परत गेली होती. सातवं त्यांनी शनिवारी सकाळी नवऱ्याकडून वाचून घेतलं. त्याला चूक सापडली नाही, म्हणजे ती नक्की होती. पण आता वेळ नव्हता. बाईंनी तसंच घडी करून पर्समध्ये ठेवलं.

शनिवारी अकरा वाजता सगळे बाईंच्याच खोलीत जमले. टेबल बाहेर पॅसेजमध्ये उभं करून ठेवलं होतं, आणि त्याच्या जागी, मोजलेल्या भिंतीवर, मोठा पांढरा पडदा लावला होता. मागे काही पाहुणे येऊन बसले होते, पण खोलीत अंधार होता आणि कुणीच कुणाकडे सरळ बघत नव्हतं. सगळ्यांनी पिशव्या मांडीवर घेतल्या होत्या. दाराजवळच्या खुर्च्यांसाठी तर चढाओढच लागली होती.

बाईंनी जोडलेली फिल्म सुरू झाली. पाच बदकं आली. कुणीतरी मोठ्याने मोजलं, "पाच." मग चार. "चार." आवाज वाढत गेला. तीन आली तेव्हा सगळे एकसुरात मोजत होते, आणि दोन झाली तेव्हा एकदम गप्प झाले.

"आता," मालक घसा खाकरून उठले, "आपला नवा..."

"थांबा," तपासनीसबाई उभ्या राहिल्या. "पुढचं मी सांगते. पुढे एक बदक येणार. तीस वर्षं मी या स्टुडिओत डोळे फोडले, मालक. मला जा म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचं. बदकाकडून कशाला सांगता? हा माझा राजीनामा."

"म्हणजे खरंच जाताय!" मालक ओरडले. "मला वाटलंच! तुम्ही सगळ्यांना घेऊन दुसरा स्टुडिओ काढताय! कुंड्या गेल्या, बूट गेले, उशी गेली! मी आठवडाभर झोपलो नाही, बाई! माझं काय चुकलं तेवढं सांगा!"

"मी काढतेय? तुम्ही मला काढताय!"

"मी? तुम्हाला? माझी हिंमत आहे का?"

हे इतकं खरं होतं की सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या.

"मग ती बदकं कुठे गेली?" बाईंनी विचारलं. "एकेक करून?"

मालकांनी भाचीकडे बघितलं. भाचीने मालकांकडे. मग ती उठली, पॅसेजच्या टोकाच्या खोलीत गेली आणि एक जाडजूड फाइल घेऊन आली.

"मावशी, रागावू नका. नव्या लोगोसाठी मी कोठीतून सगळी जुनी चित्रं काढली. त्यांना या चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. अक्षर कुणाचं ते तुम्हीच बघा."

बाईंनी चष्मा लावला. अक्षर ओळखायला चष्म्याची गरज नव्हती.

'चौथ्या बदकाचा डोळा फ्रेम ३० मध्ये डावीकडे, ३१ मध्ये उजवीकडे. दुरुस्ती करा.' अशा सात. 'तिसऱ्या बदकाच्या पंखावरचा ठिपका सरकतो.' अकरा. 'दुसऱ्या बदकाची मान मागच्या फ्रेमपेक्षा लांब आहे.' आणि मग 'आखूड आहे.' आणि पुन्हा 'लांब आहे.' नुसत्या मानेवरच चौदा.

"फिल्म सोमवारी लागायची होती," मालक हळूच म्हणाले, "आणि रविवारी तुमची चौदावी चिठ्ठी आली. लंबू म्हणाला, मान कमी करत बसण्यापेक्षा मी बदकच कमी करतो. मग त्यानेच काढून टाकलं. स्वतःचं. आधीच्या दोन्ही वेळीही तसंच झालं होतं."

"आणि तीन माणसं?"

"बाई," मागच्या अंधारातून एक आवाज आला, "मला कुणी नाही हो घालवलं." पाहुण्यांपैकी एक जण उभा राहिला. तो कॅमेरावाला होता. "बदकाच्या डोळ्यावर सात चिठ्ठ्या आल्यावर मी म्हटलं, आपलेच डोळे तपासून घ्यावेत. तर केवढा तरी नंबर निघाला! त्या चष्मेवाल्याशी ओळख झाली, धंदा आवडला. आता माझी स्वतःची दोन दुकानं आहेत. तुमच्या चिठ्ठ्या फ्रेम करून लावायच्या होत्या मला."

त्याच्या शेजारी रंगवाल्या आक्का बसल्या होत्या, कोपरावरच्या निळ्या डागासकट. आपण गुडघेदुखीने घरी बसलो, बदकाचा त्यात काही हात नव्हता, असं त्यांनी सांगितलं. लंबूकाका नुसते हसत होते. "चौदावी चिठ्ठी बरोबर होती, बाई," ते म्हणाले. "मान लांबच होती."

बाई फाइल मिटून खुर्चीत बसल्या. आठवडाभर ज्या गुन्हेगाराचा माग त्या काढत होत्या, तो त्यांच्याच लाल पेन्सिलीला टोक काढत बसला होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. लंबूकाकांनी ते बदक किती प्रेमाने काढलं होतं, ते त्यांनी शेजारच्या टेबलावरून बघितलं होतं.

"एका बदकावर मात्र चारही लोगोंत एकही चिठ्ठी नाही," भाची म्हणाली. "पाचव्या."

"त्यात चूक नव्हती," बाई सवयीने म्हणाल्या, आणि मग सगळी खोली हसली तेव्हा त्याही डोळे पुसत हसल्या.

"आणि पहिल्या बदकाला बावीस आहेत," मालक म्हणाले. "पोटावरून. पण मी लक्षच दिलं नाही. मालक असल्याचा एवढा तरी फायदा."

"मग दार का बंद ठेवलंत?" बाईंनी भाचीला विचारलं. "कागद का लावला काचेला?"

भाचीने मान खाली घातली. "तुम्ही आत आलात की एक बदक कमी होतं ना, मावशी. यावेळी मला सगळी हवी होती."

दिवे पुन्हा गेले. नवा लोगो सुरू झाला.

डावीकडून पोटवालं बदक आलं. मग लांब मान. मग निळा ठिपका, मग तिरळा डोळा. चालताना ती जुन्या हाताच्या चित्रांसारखीच किंचित थरथरत होती, आणि शेवटी मागे वळून बघत पाचवं आलं. त्याच्या मागे, लांबवर, एक छोटंसं बदक हातात किटली घेऊन धावत येत होतं, ते बघून चहावाल्यांना हुंदका आवरेना. नाव धपकन पडलं. भोंग्याच्या एका जुन्या धपकन आवाजावर सगळी बदकं दचकली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तपासनीसबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या होत्या.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. पुन्हा लावलं.

"थांबवा. दोन फ्रेम मागे. हं."

पडद्यावर सत्तेचाळिसावी फ्रेम स्थिर झाली. पाचव्या बदकाचा डावा पाय जमिनीपासून बोटभर वर होता. खाली टेकायला हवा होता. कुणाला दिसला नसता. बाईंना दिसला. त्यांचा हात पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे गेला, तेव्हा भाचीने डोळे मिटून घेतले आणि लंबूकाकांनी कपाळाला हात लावला.

बाई बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिल्या. मागे बघत चालणाऱ्याचा एखादा पाय अधांतरी राहणारच, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. गेला आठवडाभर त्यांचे तर दोन्ही होते. मग त्यांनी पेन्सिल काढली, चिठ्ठी लिहिली, घडी घालून भाचीच्या टेबलावर ठेवली, राजीनाम्याचा कागद परत घेतला, आणि सगळ्यांबरोबर चहा प्यायला गेल्या. चहा उशिरा आला, कारण भांडी घरून आणावी लागली.

ती चिठ्ठी उघडायचं धाडस सोमवारपर्यंत कुणाला झालं नाही. सोमवारी सकाळी भाचीने दार लावून घेतलं, मालकांना आणि भोंग्याला आत बोलावलं आणि घडी उलगडली.

'फ्रेम ४७. पाचव्या बदकाचा डावा पाय टेकत नाही. असू द्या.'

तिघांनी ती आळीपाळीने वाचली. मग मालकांनी कागद उलटा करून बघितला. भोंग्याने तो उजेडासमोर धरला.

"असू द्या?" भाची म्हणाली. "मावशींनी लिहिलंय?"

"अक्षर त्यांचंच आहे," मालक म्हणाले. "पण तीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या हातचा पाहिला नाही. यात काहीतरी आहे."

"मला तर आधीपासूनच वाटत होतं," भोंगा म्हणाला. "शनिवारपासून त्या हसून बोलतायत. बघितलंत? मला बिस्किटही दिलं."

"बिस्किट?" मालकांनी खुर्ची ओढून घेतली.

त्यांनी ती फ्रेम दुपारपर्यंत तपासली. तिच्या आधीच्या तपासल्या, नंतरच्या तपासल्या. पाय खाली आणून पाहिला, पण मग बाईंनी 'असू द्या' लिहिलेलं आपण बदललं हे त्यांना कळलं तर काय, या भीतीने तो पुन्हा वर नेला. शेवटी असं ठरलं की कुणीतरी जाऊन त्यांना सरळ विचारावं, नक्की असू द्यायचं का म्हणून. तिघांनी दार चार बोटं उघडून पॅसेजमध्ये पाहिलं. पलीकडच्या खोलीत टेबल पुन्हा आपल्या जागी आलं होतं, आणि तपासनीसबाई खिडकीशी बसून लाल पेन्सिलीला टोक काढत होत्या.

विचारायला कुणीच गेलं नाही. तो पाय अजून हवेतच आहे.